हळदीचा आठवडा: पाचवीच्या पालकांना दरवर्षी पडणारे प्रश्न

फेब्रुवारी अर्धा सरला की माझा फोन वाजायला लागतो. ‘बाई, सोमवारी जुना शर्ट घालून पाठवायचाय म्हणे, का?’ इथपासून ‘परीक्षा तोंडावर आलीय आणि तुम्ही हळदी कसल्या शिजवताय?’ इथपर्यंत. दरवर्षी पालक नवे, प्रश्न तेच. म्हणून यंदा उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

हळदीचा आठवडा म्हणजे नक्की काय?

सोमवार ते शनिवार, सहा दिवस, पाचवीचा आमचा वर्ग एकाच वस्तूच्या मागे लागतो. ती वस्तू म्हणजे हळद. मराठी, गणित, परिसर अभ्यासाचे दोन्ही भाग आणि कला यांच्या तासांना तीच समोर असते. तासांची घंटा वाजते, वह्या वेगळ्याच राहतात. फक्त गणिताच्या तासाला पुस्तकातल्या रामूने सफरचंदं विकत घेण्याऐवजी आपल्याच वर्गातल्या मुलाच्या आजोबांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणलेली असते.

पण हळदच का?

सांगलीत राहून हा प्रश्न विचारला की मला गंमत वाटते. वसंतदादा मार्केट यार्डावरून रिक्षाने गेलात तरी नाकाला कळतं आपण कुठे आहोत. देशभरातली हळद इथे सौद्याला येते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही मी वर्गात विचारलं, ‘हळद कशी उगवते?’ तर ३४ पैकी ९ मुलांनी झाडाला शेंगा येतात असं सांगितलं आणि एकाने ‘पुडीत’ असं सांगितलं. तो गंमत करत नव्हता.

दुसरं कारण हंगामाचं. अक्षय्य तृतीयेच्या आसपास लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी निघते, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. त्या वेळी शेतात काढणी, शिजवणी, वाळवणी आणि यार्डात सौदे, सगळं एकदम चालू असतं. ऑगस्टमध्ये हाच आठवडा घेतला तर दाखवायला माझ्याकडे फक्त पानं असतील.

वार्षिक परीक्षा जवळ आलेली असताना अभ्यासक्रम मागे पडत नाही का?

पाचवीला आता वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं, त्यामुळे ही काळजी मला खोटी वाटत नाही. म्हणूनच आठवड्याआधी मी पुस्तकं उघडून बसते आणि जे घटक शिकवायचे उरलेत किंवा पक्के व्हायचेत तेच हळदीवर घेते: अपूर्णांक, वजनाची मापं, आलेख, मुलाखत लिहिणं, म्हणी. ज्याचा हळदीशी संबंध नाही ते त्या आठवड्यात शिकवत नाही, नंतर शिकवते. पाढे मात्र रोज सकाळी होतातच. त्यांना हळद लावायची गरज नाही.

सहा दिवसांत काय काय होतं?

सोमवारी वर्गात ओली हळद येते, पानांसकट, मातीसकट. मुलं ती वेगळी करतात: मधला जाड जेठा गड्डा, त्याच्या बाजूचे बगल गड्डे आणि बोटांसारखी हळकुंडं. वर्गात शेतकऱ्यांची सहा मुलं आहेत. ती त्या दिवशी माझ्यापेक्षा वरचढ असतात आणि तसं वागतातही. मग २ किलो हळकुंडं धुऊन शाळेच्या स्वयंपाकघरात शिजतात. पोषण आहार करणाऱ्या मावशी शिजवतात, मुलं दारात उभी राहून बघतात. पातेल्यावर फेस येतो, वास बदलतो, मग मावशी काडी टोचून बघतात. काडी सहज आत गेली की हळद झाली. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. माहेर मिरज तालुक्यातलं, लहानपणी हळद शिजवायच्या मोठ्या काहिलीशेजारी बसून बघितलेलं. त्यांनी आमच्या वर्गाला ते दहा मिनिटं समजावून सांगितलं आणि त्या वर्षीचा तो सर्वांत चांगला तास होता. माझा नव्हे, त्यांचा.

मंगळवारी प्रयोग, त्याबद्दल खाली सविस्तर. बुधवारी सांगलीजवळचं हरिपूर. गुरुवारी मुलाखती लिहिणं. शुक्रवारी यार्डाचा हिशेब आणि सौद्याचं नाटक (नाट्यपंढरीत राहतो म्हटल्यावर हौस असतेच). शनिवारी सकाळच्या शाळेत जे राहिलं ते. काही ना काही राहतंच.

शर्टाला लागलेली हळद साबणाने लाल होते, असं मुलगी सांगते. खरं आहे का? घरी करून बघता येईल का?

खरं आहे, आणि जरूर करा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून साध्या पांढऱ्या कागदावर ब्रशने फासा आणि कागद पूर्ण वाळू द्या. ओला असताना घाई केली तर सगळं एकमेकांत मिसळतं आणि काही दिसत नाही. मग काडीला कापूस गुंडाळून त्यावर कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी लावा. रेघ तांबडी उमटते. खायच्या सोड्याचं पाणी लावलं तरी रंग बदलतो, पण फिका. चुन्याच्या निवळीने मात्र गडद येतो. त्याच रेघेवर लिंबू पिळा, ती परत पिवळी होते.

मुलं याने नावं लिहितात, गुप्त चिठ्ठ्या लिहितात. एकाने साबणाच्या पाण्याने माझं चित्र काढलं होतं, केस तांबडे. हळदीतला रंग म्हणजे करक्युमिन. आम्लात तो पिवळा राहतो, आम्लारीत तांबडा होतो. हे वाक्य मी प्रयोगानंतर सांगते, आधी नाही. आधी सांगितलं तर मुलं वाक्य लिहून घेतात आणि कागदाकडे बघत नाहीत.

मग एखादी मुलगी विचारतेच, ‘बाई, कुंकूपण असंच होतं का?’ हो. पूर्वी हळदीवर चुन्याची प्रक्रिया करूनच कुंकू करत. हळद आणि कुंकू या दोन वाट्यांत मुळात एकच वस्तू, हे कळल्यावर वर्ग दोन सेकंद गप्प झाला होता. पाचवीच्या वर्गात दोन सेकंद म्हणजे बराच वेळ.

आणि हो, डाग. साबणाने लाल झाला म्हणून घाबरू नका. शर्ट धुऊन कडक उन्हात वाळत घाला. उन्हाने हळदीचा रंग उडतो. हाही प्रयोगच आहे: दोन चिंध्या हळदीत बुडवा, एक उन्हात ठेवा, एक कपाटात, आणि दोन दिवसांनी शेजारी शेजारी धरा.

हरिपूरला कशासाठी नेता? तिथे तर नदी आहे.

नदी आहे म्हणूनच. कृष्णा आणि वारणा तिथे मिळतात. ‘संगम’ हा शब्द पुस्तकात वाचलेल्या मुलाने दोन नद्यांचं पाणी एकत्र येताना बघितलं पाहिजे. आम्ही संगमेश्वराच्या देवळाच्या वरच्या बाजूनेच बघतो, घाट उतरत नाही. दोन शिक्षक, दोन पालक, मुलांच्या जोड्या आणि शिट्टी.

दुसरं कारण पेवं. जमिनीत खणलेली ही कोठारं, तोंड अरुंद आणि आत पोट मोठं, रांजणासारखी. हरिपूरची माती अशी की पेवात पाणी झिरपत नाही. आतून पाला-पाचट लावून हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड लागायची नाही. का लागायची नाही? हा प्रश्न मी वर्गावर सोडून देते. ‘अंधार असतो म्हणून’, ‘गार असतं म्हणून’, ‘हळद कडू असते म्हणून’ अशी उत्तरं येतात. मग तिथले एक आजोबा सांगतात की पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही. तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं आणि मग दोरीने कंदील सोडायचा. विझला, तर थांबायचं. एवढं ऐकलं की मागच्या बाकावरचा एखादा ओरडतो, ‘आत हवाच न्हाई! किडं मरत्यात!’ बरोबर. आतला प्राणवायू संपलेला असतो. वर्गात परत आल्यावर बरणीत मेणबत्ती लावून वर झाकण ठेवतो आणि तोच कंदील पुन्हा विझताना बघतो.

२००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं बुडाली आणि आतली हळद कुजली. कित्येक पावसाळे काढलेली जागा एका पुराने का गेली, यावर मुलं बोलतात. मग विषय कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे जातोच, कारण सांगलीत पाणी फुटात मोजतात आणि ते त्या पुलापाशी. १९२९ चा हा पूल. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा ही मुलं अगदी लहान होती. काहींना फक्त होडी आठवते. त्या दिवशी मी हळद बाजूला ठेवते. ज्याला सांगायचंय तो सांगतो, ज्याला नाही त्याला विचारत नाही.

गणित खरंच होतं का, की नुसती मौज?

शुक्रवारी या आणि बघा. फळ्यावर मी लिहिते: शेतकऱ्याने १८ पोती आणली, प्रत्येकी ५० किलो. दर क्विंटलला १४,००० रुपये (दर माझ्या मनचा, बाजाराचा नव्हे). हमाली आणि तोलाई वजा करायची. आधी किलोचे क्विंटल करा. इथेच अर्धा वर्ग अडतो, कारण ‘१०० किलो म्हणजे १ क्विंटल’ पाठ असतं, पण ९०० किलो म्हणजे किती हे हाताला माहीत नसतं.

मागच्या वर्षी एका हुशार मुलाने उत्तर काढलं, १२,६०,०००. पायऱ्या सगळ्या बरोबर, एक शून्य जास्त. मी काही बोलायच्या आत शेजारची मुलगी म्हणाली, ‘एवढं आलं असतं तर आमच्या पप्पांनी दुसरा ट्रॅक्टर घेतला असता की.’ तिने वहीत गुणाकार केलाच नव्हता. उत्तर अंदाजे किती असावं हे तिला घरूनच माहीत होतं. अंदाजाचा धडा मी दोनदा शिकवलाय. तिच्या एका वाक्याने तो जितका पोचला तितका माझ्याने पोचला नव्हता.

घरच्या आजी-आजोबांना प्रश्न विचारून लिहून आणा, हे कशाला? आजी वैतागते.

आजीला माझा नमस्कार सांगा आणि दहा मिनिटं द्यायला सांगा. मुलांनी पाच प्रश्न स्वतः तयार करायचे, आजी बोलते तसंच लिहायचं, तिच्या शब्दांत. ‘माझी आजी खूप छान आहे’ छापाचा निबंध नको. कापलं की हळद का दाबायची, लोणच्यात किती, दुधात कधी, हळदीच्या पानात काय उकडतात. म्हणीही यातूनच येतात. ‘पी हळद नि हो गोरी’ सगळ्यांना माहीत असते. ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं’ मात्र आजीकडूनच यावं लागतं. त्या दिवसापासून वर्गात कुणी थोडक्यावर मिजास केली की बाकीचे बोट दाखवून म्हणतात, ‘अर्धं हळकुंड!’

आणि लिहून का ठेवायचं, याची एक गोष्ट मी सांगते. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर पेटंट दिलं गेलं. आपल्याकडे प्रत्येक घरात चिमूटभर हळद दाबतात, पण ‘आमची आजी करते’ हे तिथे पुरावा म्हणून चालत नव्हतं. छापील, लिहिलेला दाखला हवा होता. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली, जुन्या संस्कृत ग्रंथांपासून वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत ३२ संदर्भ गोळा करून दिले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. ही गोष्ट ऐकल्यावर मुलाखती जरा नीट अक्षरात येतात. निदान पुढचे दोन दिवस.

मुलाने घरी विचारलं, ‘नानीला हळदीकुंकवाला का बोलवत नाहीत?’ असले विषय वर्गात का काढता?

मी काढत नाही, मुलं काढतात. हळदीचा आठवडा म्हटल्यावर हळदीकुंकू येणारच, आणि दहा वर्षांच्या मुलाला दिसतं की आई सजून जाते आणि आजी घरी राहते. विचारलं त्यात चूक काय? मी उपदेश करत नाही आणि कुणाच्या घरच्या रीतीवर बोट ठेवत नाही. पण प्रश्न टाळतही नाही. एवढंच सांगते की आपल्यापासून फार लांब नसलेल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभा भरवून विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला.  ग्रामसभा काय करू शकते, याचं याहून जवळचं उदाहरण मला माहीत नाही. घरी प्रश्न आला असेल तर उत्तर तुम्ही द्यायचंय, मी नाही.

इंग्रजी आणि हिंदीचं काय?

इंग्रजीत हळदीवर दहा-बारा शब्द आणि शिजवण्याची कृती चार-पाच वाक्यांत. बस. हिंदी पुस्तकाप्रमाणे चालू राहतं. पहिल्या वर्षी मी सगळंच हळदीत बुडवायला गेले होते. हिंदीसाठी ओढूनताणून कविता केली आणि खेळाच्या तासाला पोती ओढायची शर्यतही ठेवली. कविता वाईट होती, शर्यतीत एकाचा गुडघा फुटला (त्यावर हळद दाबली, ते वेगळं). जे आपोआप जुळत नाही ते जुळवू नये, हे मला त्या आठवड्याने शिकवलं.

खर्च किती? काय काय पाठवायचं?

पैसे नाहीत. हळद शेतकरी पालक देतात, हरिपूरला जायचं भाडं शाळा भरते. जुना शर्ट, अर्धं लिंबू, एक जुनं वर्तमानपत्र. मुलाला हळदीने खाज येत असेल तर चिठ्ठी पाठवा, त्याला हातमोजे देऊ.

गुण कसे देता?

आठवड्याचे वेगळे गुण नाहीत. मुलाखत, आलेख आणि प्रयोगाची नोंद एवढं वहीत असतं आणि आकारिक मूल्यमापनात धरलं जातं. ‘माझ्या मुलाचा आलेख शेजारच्यासारखा का नाही’ असं विचारू नका. शेजारच्याने काट्यावर वजन नीट वाचलं नव्हतं.

मी तासगावकडे शिक्षक आहे. आमच्याकडे हळद नाही. काय घेऊ?

तासगावात बेदाणा असताना हळद कशाला शोधता? द्राक्षाचा बेदाणा होताना पाणी उडतं, वजन घटतं, गणित तेच. मिरजेत असाल तर सतार आहे: भोपळा कुठून येतो, तार ताणली की आवाज का चढतो. फक्त असं काही घ्या ज्याच्याजवळ मुलांना प्रत्यक्ष नेता येतं आणि ज्याबद्दल वर्गातल्या दोन-चार घरांना तुमच्याहून जास्त माहीत आहे.

आठवडा संपून दहा दिवस झाले, तरी मुलं मधल्या सुट्टीत हळद कसली मोजतायत?

कारण हळद अजून वाळलेली नाही. सोमवारी शिजवलेली हळकुंडं आम्ही गच्चीवर चादरीवर पसरतो आणि रोज मधल्या सुट्टीत काट्यावर ठेवतो. पहिल्या वर्षी शनिवारी ‘आठवडा संपला’ म्हणून मी ती प्लॅस्टिकच्या डब्यात भरून ठेवली होती. सोमवारी डबा उघडला तर पांढरी बुरशी. तेव्हापासून हळद वाळेपर्यंत आठवडा चालतो, मग तो कितीही दिवसांचा होवो.

मागच्या वर्षीचे आकडे भिंतीवर अजून आहेत: सोमवारी २००० ग्रॅम, बुधवारी १६४०, शनिवारी ११८०. मग रेघ हळूहळू सपाट होत गेली आणि सतराव्या आणि अठराव्या दिवशी काटा ४२० वरच थांबला. एकाने हळकुंड घेऊन मोडलं. खट्ट! यार्डातही हाच आवाज ऐकून हळद वाळलीय की नाही ते ओळखतात. ‘दोन किलोची चारशे वीसच? बाकीची कुठं गेली?’ या प्रश्नावर वर्गाने अपूर्णांक मांडला, पाचातला जवळपास एक. बाकी चार भाग पाणी, सांगलीच्या उन्हात उडालेलं.

प्रत्येकाला एकेक तुकडा घरी दिला. दोघांनी तो लगेच कुंडीत पुरला. महिनाभर पाणी घातलं, काही उगवलं नाही. शिजवलेलं बी उगवत नाही हे मी सांगू शकले असते, पण सांगितलं नाही. यंदा त्याची सोय केलीय. वर्गाच्या कोपऱ्यात वाळूच्या डब्यात ओले, न शिजवलेले दोन गड्डे ठेवलेत आणि शेजारी दोन शिजवलेले. अक्षय्य तृतीयेला दोन्ही लावायचे. त्यानंतर शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते. कुंड्यांना पाणी कोण घालणार हे अजून ठरलेलं नाही. शाळेजवळ राहणाऱ्या कुणाला जमणार असेल तर मला फोन करा, या एका प्रश्नासाठी केव्हाही चालेल.